रेसिडेंटानं तळ हलवावा का? इतिहासात पीएच.डी. करणाऱ्यांसाठी थोडं कडू, थोडं कामाचं

पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) निघाली, कोर्सवर्क उरकलं, गाईड मिळाले आणि आता आरआरसीपुढं, म्हणजे विषयाला मान्यता देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीपुढं, विषय मांडायचाय, अशा टप्प्यावर अडलेली मुलं-मुली मला फोन करतात. जालना-भोकरदनकडची असली तर प्रश्न ठरलेला: "सर, आसईची लढाई घेऊ का? आपल्याच जिल्ह्यातली आहे." १८०३ घ्या, खुशाल घ्या, पण लढाई घेऊ नका. इंग्रज आणि शिंदे-भोसले यांच्यातल्या २३ सप्टेंबरच्या त्या एका दिवसावर रगड लिहून झालंय. तोफा कुठं होत्या आणि केळणा नदी कुठून ओलांडली यावर इतके नकाशे निघालेत की नवं काही सापडेपर्यंत दमछाक होईल.

त्याच्या आधीचे सात महिने घ्या. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह झाला आणि पेशवा दुसरा बाजीराव इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या आश्रयाला गेला. ३ ऑगस्ट १८०३ ला कर्नल जॉन कॉलिन्स हा कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे दरबारात राहणारा वकील, दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून उठून औरंगाबादच्या वाटेला लागला. मधल्या काळात कागदोपत्री एकच प्रश्न घोळत होता: बोलणी चालू असताना आपल्या माणसानं तिथंच बसायचं की तळ उचलायचा? हा विषय अजून मोकळा आहे. आरआरसीत कुणी तरी म्हणेलच, "हे तर राजनैतिक इतिहासात जातं, स्थानिक काय त्यात?" तेव्हा सांगा की छावणी अजिंठ्याच्या घाटापलीकडं होती, कॉलिन्सचा आसरा औरंगाबाद होता आणि निकाल भोकरदन तालुक्यात लागला. याहून स्थानिक काय हवं?

रेसिडेन्सी, म्हणजे रेसिडेंटाचं ठाणं, म्हटलं की आपल्या पोरांना हैदराबादच्या कोठीतले खांब आठवतात. शिंद्यांकडची रेसिडेन्सी म्हणजे तंबू, हत्ती-उंट, पलटणीचा पहारा, मुन्शी, हरकारे आणि बाजारबुणगे. शिंदे हलले की तीही हलायची. म्हणून "स्थलांतर" या मथळ्याखाली इमारती शोधत बसू नका. तंबू उपटायला वेळ लागत नाही, त्याचा अर्थ समोरचा काय लावेल यावर सगळी गाडी अडलेली असते.

आता सापळा. इथं जरा लांबण लागेल, कारण माझं दुसरं प्रकरण याच खड्ड्यात बरेच दिवस रुतलं होतं.

आपल्याला आसई आधीपासून ठाऊक असते, त्यामुळं प्रत्येक पत्र आपण शेवटाकडून वाचतो. मे १८०३ च्या अखेरीस कॉलिन्स शिंद्यांना विचारतो, वसईच्या तहाबद्दल तुमचं म्हणणं काय? शिंदे सांगतात, नागपूरकर रघुजी भोसल्यांची भेट होऊ द्या, मग युद्ध की शांतता ते कळवू. जूनमध्ये भेट होते, उत्तर मात्र येत नाही. कॉलिन्स कळवतो की मी निघतो. छावणीतून गोड निरोप येतो, तो थांबतो. जुलैतही तोच खेळ. यावर नवखा विद्यार्थी लिहून मोकळा होतो, "कॉलिन्सची धरसोड वृत्ती". दुसरा त्याच्या उलट लिहितो, "युद्ध आधीच ठरलं होतं, थांबणं निव्वळ नाटक होतं". दोन्ही वाक्यं प्रबंधात झोकात दिसतात आणि दोन्हीही व्हायव्हात, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेत, अंगाशी येतात.

कारण पुढचा प्रश्न असा असतो: जूनच्या मध्यावर कॉलिन्सला नेमकं काय माहीत होतं? कलकत्त्याचा कागद दख्खनमध्ये यायला तीनेक आठवडे लागत. गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीनं धाकटा भाऊ आर्थर याला युद्धाचे आणि तहाचे पूर्ण अधिकार दिले २६ जूनला. ते आर्थरच्या हाती पडले जुलैचा मध्य उलटल्यावर. जूनमध्ये कॉलिन्स उठला असता तर शिंद्यांनी त्याचा अर्थ लढाई असाच लावला असता, आणि ती लढाई पुकारायचा हुकूम अजून वाटेवरसुद्धा नव्हता. म्हणजे जूनचं थांबणं आणि ऑगस्टचं उठणं एकाच स्वभावातून काढता येत नाही. मधे अधिकार बदललेत.

शिवाय बसून राहण्याचे फायदे होते. वकील छावणीत आहे तोवर बातमी येते: कोण कुणाला भेटलं, कुठल्या पलटणीचा पगार तटला, यशवंतराव होळकर येणार की नाही. तो उठला की हा झरा आटला. उलट बाजूनं पाहिलं तर हजारो घोडेस्वारांच्या मधे मूठभर पहाऱ्यानिशी बसलेला वकील केव्हाही ओलीस होऊ शकतो. त्यात पावसाळा. काळ्या मातीतून तोफा ओढणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको, पण आर्थर वेलस्लीला पावसाळाच सोयीचा वाटत होता. नद्या भरलेल्या असल्या की मराठ्यांच्या घोडदळाला पार होता येत नाही, आणि त्याच्या फौजेकडं कातडं मढवलेल्या टोपल्यांच्या होड्या होत्या. ऑगस्टच्या अखेरीस तो याच होड्यांतून गोदावरी उतरला. हे सगळं त्या "धरसोड" शब्दाखाली गाडलं जातं.

म्हणून एक काम करा, आणि हे टाळू नका. प्रत्येक पत्रासाठी वहीत तीन रकाने आखा: लिहिल्याची तारीख, पोचल्याची तारीख, आणि लिहिताना त्या माणसाच्या हातात असलेली शेवटची बातमी. तिसरा रकाना भरताना डोकं फुटायची वेळ येते. तरी भरा. कॉलिन्स ३ ऑगस्टला निघाला. ते वेलस्लीला नगरजवळच्या मुक्कामी ६ तारखेला कळलं आणि त्याच दिवशी त्यानं शिंद्यांना लिहिलं की मी शांतता देऊ केली होती, तुम्ही युद्ध पसंत केलंत. ८ तारखेला नगरची पेठ पडली, १२ ला किल्ला. आता सांगा, ६ तारखेचं पत्र शिंद्यांच्या हाती पडलं तेव्हा पेठ कुणाकडं होती? हे शोधलंत तर अर्धं प्रकरण तिथंच तयार होतं.

जुलैच्या शेवटच्या दिवशीचा प्रस्तावही असाच नकाशा समोर ठेवून वाचा. शिंदे-भोसल्यांचं म्हणणं होतं, तुमच्या फौजा मद्रास, श्रीरंगपट्टण आणि मुंबईला पोचतील त्या दिवशी आम्ही बुऱ्हाणपुरात पोचलेले असू. कॉलिन्सनं ते धुडकावलं. छावणीपासून बुऱ्हाणपूर थोड्या मजलांवर आणि नगरपासून श्रीरंगपट्टण शेकडो मैल, हे पाहिलं की त्याचा नकार समजतो. पण आम्ही आमच्याच मुलखात आहोत, आधी तुम्ही हटा, हे शिंद्यांचं म्हणणंही मला आडमुठं वाटत नाही. इंग्रजी कागद जास्त छापलेत म्हणून इंग्रजी बाजू जास्त खरी ठरत नाही. व्हायव्हात हे जरा हळू आवाजात सांगा.

कॉलिन्सची एक गोष्ट तुम्हाला प्रत्येक पुस्तकात भेटेल. ऑगस्टच्या अखेरीस औरंगाबादजवळ वेलस्ली त्याला भेटला. कॉलिन्स म्हातारा, ठेंगणा, जुन्या तऱ्हेचा लष्करी कोट, आकाशी रेशमी मोजे, पावडर लावलेला विग, वर शहामृगाचं काळं पीस. तो वेलस्लीला म्हणाला, मराठ्यांचं घोडदळ कुठंही तुडवाल, पण त्यांचं पायदळ आणि तोफा पाहून थक्क व्हाल. गोष्ट फक्कड आहे. पण सांगणाऱ्या अधिकाऱ्याच्या आठवणी छापल्या गेल्या १८२९ साली, आसई होऊन पाव शतक उलटल्यावर. वापरा, पण ३ ऑगस्टच्या निर्णयाचा पुरावा म्हणून वापरू नका.

तुलनेला दोन प्रसंग हाताशी ठेवा. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला होळकरांनी बाजी मारली, दुसरा बाजीराव पळाला, तरी पेशव्यांकडचा रेसिडेंट बॅरी क्लोज पुण्यात संगमावरच्या रेसिडेन्सीत राहिला. होळकरांना तो मध्यस्थीसाठी हवाच होता. नोव्हेंबरच्या अखेरीस तो निघाला आणि महिन्याभरात वसईचा तह झाला. दुसरा प्रसंग एल्फिन्स्टनचा, तोही पुढं पुण्याचा रेसिडेंट. आसईच्या वेळी तो वेलस्लीच्या सोबत होता. नोव्हेंबर १८१७ मध्ये त्यानं फौज आधी खडकीला हलवली, स्वतः संगमावर थांबला आणि ५ तारखेला अगदी शेवटच्या घटकेला निघाला. रेसिडेन्सी जळाली, त्याची पुस्तकं-कागद गेले. फौज हलवणं वेगळं आणि वकील हलवणं वेगळं, हे त्या चार-पाच दिवसांत स्वच्छ दिसतं.

साधनांबद्दल थोडक्यात. पुणे रेसिडेन्सीचा छापील पत्रव्यवहार आधी संपवा, मग दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातले परराष्ट्र खात्याचे कागद. त्यातले बरेच आता 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात, त्यामुळं दिल्लीसाठी सचखंड एक्स्प्रेसचं तिकीट काढण्याआधी तिथं चाळून घ्या. हैदराबादला जायचं असेल तर फारसी वाचणारा माणूस आधी गाठा, नाहीतर देवगिरी एक्स्प्रेसनं जाल आणि देवगिरीनं परत याल.

मोडीचा दहा दिवसांचा वर्ग केला म्हणजे मोडी आली असं समजू नका. रोज एक पान, वर्षभर. दुसरा उपाय मला तरी सापडला नाही. मोबाईलवर पत्राचं भाषांतर मारून प्रबंधात चिकटवणारे वाढलेत. १८०३ ची इंग्रजी वाक्यं अर्धा-अर्धा पानभर चालतात, आणि "मी निघणार नाही, जर..." यातला "जर" गळाला की रेसिडेंट तिथंच बसलेला राहतो. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा तयार सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) घेणाऱ्यांना काही सांगायचं नाही, ते हे वाचणारही नाहीत.

गाईडबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. फार गोड गाईड नको. माझ्या सरांनी एक प्रकरण परत करताना समासात फक्त "केव्हा कळलं?" एवढंच जागोजागी लिहिलं होतं. मी चिडून बाहेर टपरीवर जाऊन बसलो. नंतर लक्षात आलं, सगळी दुरुस्ती त्या दोन शब्दांतच होती. पान न उलटता सही करणारे गाईड सुरुवातीला देव वाटतात, त्यांची किंमत व्हायव्हाच्या दिवशी कळते.

इतकं वाचून धीर सुटला असेल तर तसं करू नका. जिल्हा परिषदेच्या शाळेतून, तासिका तत्त्वावर शिकवत शिकवत, हे काम होतं. मोडक्या इंग्रजीवर सुरुवात होते. पहिल्या पन्नास पत्रांना जीव जातो, मग कॉलिन्सची लिहिण्याची ढब ओळखीची होते आणि तो चिडलाय की नुसता चिडल्याचं दाखवतोय हेही कळायला लागतं. बदनापूरला उतरा. २१ सप्टेंबरला वेलस्ली आणि कंपनीच्या दुसऱ्या फौजेचा सेनानी स्टीव्हन्सन भेटले ते हेच. तिथून भोकरदनमार्गे आसईला पावसाळ्यात एकदा जाऊन या. केळणा आणि जुईच्या बेचक्यात वही घेऊन उभे राहिलात की कुणी तरी विचारेलच, "काय शोधायलेत सर?" सांगा. शेताच्या बांधांबद्दल आणि नदीच्या उताराबद्दल तिथले लोक जे सांगतात ते कुठल्याच छापील नकाशावर नाही.

आणि कॉलिन्स आधीच कुणी घेतला असेल तर त्याच्यानंतर शिंद्यांकडं हंगामी रेसिडेंट असलेला रिचर्ड जेंकिन्स बघा. तो शिंद्यांच्या छावणीतून निघाला, परत आला आणि जानेवारी १८०५ मध्ये त्याचा तळ लुटला गेला. पुढं कित्येक महिने त्याला सोडलंच नाही. निघणं, परतणं, अडकणं असे तिन्ही निर्णय एकाच माणसाच्या पत्रांत आहेत, आणि मराठीत त्यावर सलग काम माझ्या तरी पाहण्यात नाही. सिनॉप्सिस लिहिलात तर पाठवा. तिसरा रकाना भरलेला असेल तरच वाचीन.