जुन्या फोटोतल्या पोहण्याच्या पोशाखाचं साल कसं ओळखावं

पाय किती उघडे दिसतात यावरून साल ठरवायला जाऊ नका. मी नाटकांची वेशभूषा करते. अमेरिकेतले किंवा युरोपातले समुद्रकिनाऱ्यावरचे जुने फोटो हाती आले, की भिंग आधी कापडावर धरते.

मागावरचं कापड आहे की होजिअरी, ते बघा. 1900 ते 1910च्या बायकांच्या पोशाखात सर्ज (तिरक्या विणीचं लोकरी कापड), फ्लॅनेल किंवा मोहेर (अंगोरा बकरीच्या केसांचं कापड) असायचं. रंग बहुधा काळा नाहीतर गडद निळा, खलाशी कॉलर, त्यावर पांढरी पट्टी, ब्लूमरवर, म्हणजे ढगळ तुमानीवर, स्कर्ट आणि खाली काळे मोजे. हे कापड अंगापासून सुटं राहतं, चुण्या स्पष्ट दिसतात.

लोकरी होजिअरी अंगाला धरून बसते. रिब विणीच्या उभ्या रेघा छातीशी फाकतात, कमरेशी पुन्हा जवळ येतात. या रेघा दिसल्या की मला फार आनंद होतो, कारण पोशाखाची सगळी गोष्ट तिथे आहे. ओरेगॉनमधल्या पोर्टलंडच्या विणकाम कारखान्याने 1913च्या सुमारास वल्हवण्याच्या क्लबातल्या एका सदस्याच्या चड्डीसाठी स्वेटरच्या कफांची हीच वीण वापरली. पुढे तोच कारखाना पोहण्याच्या पोशाखांसाठी जँटझेन नावाने गाजला. ओली लोकर मात्र जड होऊन लोंबते, म्हणून खालची कडही तपासा.

शर्यतीचा फोटो वेगळा काढा. 1912च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये बायकांचं पोहणं पहिल्यांदा आलं. तिथल्या जलतरणपटूंचे हात-पाय उघडे आहेत. किनाऱ्यावर मात्र वॉशिंग्टनमध्ये 1922 साली गुडघ्यापासून वर पोशाखाच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजत होते, मर्यादा 6 इंच! नुसती लांबी बघितली तर दहा वर्षांनी चुकाल.

कापड ताणलेलं, तरी सुरकुती नाही, असं असेल तर 1931 नंतरचं लास्टेक्स, म्हणजे रबराच्या धाग्याचं ताणणारं कापड, असू शकतं.

जाहिरातीतल्या मॉडेलच्या अंगावर त्या हंगामातला नवा माल असतो, तोही कोरडा आणि नीट बसवलेला. घरगुती फोटोत तोच पोशाख चार-पाच वर्षं वापरलेला असू शकतो. त्यामुळे जाहिरात जुळली तरी नोंदीत ‘अमुक सालाच्या आधीचा नाही’ एवढंच लिहा.

फोटो पोस्टकार्डावर छापलेला असेल तर उलटून बघा. अमेरिकन कार्डाची मागची बाजू मधोमध रेघ मारून पत्ता आणि मजकूर अशी विभागलेली असेल, तर ते 1907च्या आधीचं नाही.