टेनिससाठी दमसास कसा कमवावा: गोव्यातील खेळाडूंसाठी सरावाची आखणी

टेनिससाठी दम वाढवायचा म्हटले की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो पहाटे उठून मिरामार ते दोनापावल धावत जाऊन येण्याचा. सल्ला अगदीच चुकीचा नाही, पण अपुरा आहे, आणि वर्षानुवर्षे केवळ तोच पाळणाऱ्या मुलांचे पाय तिसऱ्या सेटमध्ये जड होतात याचे कारणही त्यातच सापडते. अव्वल टेनिसपटू सलग धावत नाही. एक गुण बहुधा दहा सेकंदांच्या आत संपतो, एका फटक्यासाठी सरासरी तीनेक मीटर अंतर कापावे लागते आणि एका गुणात तीन-चार वेळा दिशा बदलावी लागते. त्यानंतर पुढच्या सर्व्हिसपर्यंत नियमाने जास्तीत जास्त २५ सेकंद मिळतात, बाजू बदलताना ९० सेकंद आणि सेट संपल्यावर १२० सेकंद. जलद कोर्टवर तर प्रत्यक्ष चेंडू खेळात असण्याचा वेळ एकूण वेळेच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. म्हणजे सामना धावण्याइतकाच सावरण्याचाही असतो, आणि सराव आखताना हीच गोष्ट मध्यभागी ठेवायला हवी.

सावरण्याचे काम प्राणवायूवर चालते. स्फोटक धावेसाठी स्नायू स्वतःजवळचा तयार ऊर्जासाठा वापरतात. तो साठा विश्रांतीच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात जवळपास निम्मा भरून येतो, आणि हे भरणे किती वेगाने होईल हे हृदय-फुफ्फुसांच्या क्षमतेवर ठरते. या क्षमतेचे माप म्हणजे व्हीओटू मॅक्स: शरीराच्या प्रत्येक किलोमागे एका मिनिटात जास्तीत जास्त किती मिलिलिटर प्राणवायू वापरता येतो तो आकडा. अव्वल पुरुष टेनिसपटूंमध्ये तो साधारणपणे ५० ते ६०च्या दरम्यान असतो, काहींचा त्याहून थोडा अधिक. स्त्री खेळाडूंचा त्याहून काहीसा कमी. लांब पल्ल्याच्या अव्वल धावपटूंचा आकडा मात्र ७०च्या वर जातो. टेनिसपटूला तिथवर पोहोचण्याची गरज नाही. कॅरोलिन वोझ्नियाकी ही एकेकाळची जगातील पहिल्या क्रमांकाची खेळाडू, आणि तिचा दम हेच तिचे मुख्य शस्त्र मानले जाई. २०१४ साली तिने न्यूयॉर्क मॅरेथॉन ३ तास २६ मिनिटे ३३ सेकंदांत पूर्ण केली. हौशी धावपटूला हेवा वाटावा अशी ही वेळ आहे, तरीही त्या शर्यतीची विजेती मेरी केटानी तिच्या तासभर आधी पोहोचली होती.

सुरुवात स्वतःच्या मोजमापाने करावी. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. बांबोळीसारखा ४०० मीटरचा ट्रॅक आणि एक घड्याळ पुरे. नीट अंग गरम करून १२ मिनिटांत जितके जास्त अंतर कापता येईल तितके कापावे, ते मीटरमध्ये मोजावे, त्यातून ५०५ वजा करावेत आणि उरलेल्या आकड्याला ४४.७ने भागावे. २४०० मीटर धावणाऱ्याचा अंदाजे आकडा ४२ येतो, २८०० मीटरवाल्याचा ५१. ही कूपर चाचणी अंदाजच देते, त्यामुळे शेजाऱ्याच्या मुलाशी तुलना करण्यापेक्षा स्वतःच्याच मागच्या आकड्याशी करावी. वय चाळिशीपुढचे असेल, छातीत दुखण्याचा त्रास असेल किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे आणि मगच चाचणी द्यावी.

पहिले सहा ते आठ आठवडे पाया घालण्याचे. आठवड्यातून दोन-तीनदा ३० ते ४५ मिनिटे अशा गतीने धावावे की सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. बोलताना धाप लागत असेल तर वेग कमी करावा. किनाऱ्यावर धावायचे असल्यास ओहोटीची वेळ पाहून जावे, कारण तेव्हाच ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा मिळतो. भरतीच्या वेळी उतरत्या वाळूवर धावण्याची पाळी येते आणि समुद्राकडचा पाय सतत खालच्या पातळीवर पडत राहतो. जाताना एका पायावर आलेला ताण येताना दुसऱ्यावर यावा म्हणून निदान त्याच वाटेने परतावे. कोरड्या मऊ वाळूत धावल्याने पिंढऱ्या दमतात हे खरे, पण कोर्टवर लागणारी चपळाई त्यातून येत नाही.

पाया झाल्यावर खरे काम सुरू होते ते टप्प्याटप्प्याच्या तीव्र धावण्याने. सर्वांत खात्रीची पद्धत अशी: चार मिनिटे जोरात, मग तीन मिनिटे चालण्याच्या किंवा हलक्या धावण्याच्या गतीने, आणि असे चार फेरे. जोर म्हणजे हृदयाची गती कमाल गतीच्या ९० ते ९५ टक्के. कमाल गतीचा अंदाज काढण्यासाठी वयाला ०.७ने गुणून २०८मधून वजा करावे. ३० वर्षांच्या खेळाडूची कमाल गती सुमारे १८७ येते, म्हणजे फेऱ्याच्या उत्तरार्धात नाडी १६८ ते १७८च्या दरम्यान हवी. पहिल्याच मिनिटात जीव तोडून धावणारे तिसऱ्या फेऱ्यात कोसळतात. चौथा फेरा पहिल्याइतक्याच अंतराचा झाला तर वेग योग्य होता असे समजावे. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून, हे पुरेसे आहे. पणजीत राहणाऱ्यांना आल्तिनोचा चढ यासाठी उत्तम, कारण चढावर वेग कमी राहूनही नाडी वर जाते आणि गुडघ्यांना बसणारे हिसके कमी होतात. मात्र उतरताना चालतच यावे.

यानंतर हीच क्षमता कोर्टवर आणावी लागते, आणि बहुतेक प्रशिक्षक नेमका हाच टप्पा गाळतात. रॅकेट हातात घेऊन बेसलाइनच्या मध्यखुणेपाशी उभे राहावे. जोडीदाराने नेटपाशी उभे राहून हाताने डावी-उजवी दिशा दाखवावी, पण कोणत्याही ठरावीक क्रमाने नाही. एकेरीचे कोर्ट ८.२३ मीटर रुंद असते, म्हणजे प्रत्येक बाजू चार मीटरच्या आसपास. तिथवर जाऊन पूर्ण फटक्याची नक्कल करायची आणि मध्यावर परतायचे. अशा तीन-चार ‘फटक्यां’चा, सुमारे आठ सेकंदांचा, एक गुण; मग २५ सेकंद विश्रांती. सहा गुणांचा एक गेम, दोन गेमनंतर ९० सेकंद बसणे. प्रत्येक गेममध्ये एक गुण जोडीदाराने न सांगता २० सेकंदांपर्यंत लांबवावा, कारण सामन्यात लांब रॅली आधी कळवून येत नाही. जोडीदाराने हात दाखवण्याच्या क्षणी खेळाडू लहानशी उडी घेऊन दोन्ही पायांवर उतरलेला असावा. हे उतरणे उशिरा झाले की पहिले पाऊलच हुकते आणि कितीही दम असला तरी चेंडूला उशीर होतो. २५ सेकंदांची विश्रांती संपताच दहा सेकंद नाडी मोजून वहीत लिहावी. तेवढ्याच कामानंतर हा आकडा आठवड्यागणिक खाली येत गेला, तर आधी केलेल्या धावण्याचा उपयोग होत आहे असे समजावे.

दुहेरी खेळणाऱ्यांना एवढा भार लागत नाही. त्यांनी कोर्टवरचा सराव नेटकडे झेपावण्याचा ठेवावा आणि दीर्घ धावणे कमी करावे. मूळ गोव्याच्या असलेल्या पेस घराण्यातील लिअँडर पेस यांनी चाळिशी उलटल्यावरही ग्रँड स्लॅम किताब जिंकले, ते नेटजवळच्या चपळाईच्या बळावर.

गोव्यातील सरावात हवा हाही प्रतिस्पर्धी असतो. दमट हवेत घाम गळतो पण वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि त्याच वेगाला नाडी वर राहते. एप्रिल-मे महिन्यांत म्हणून घड्याळातील वेगापेक्षा नाडीवर भिस्त ठेवावी. थंड प्रदेशातून परतलेल्या किंवा वातानुकूलित खोलीत दिवस घालवणाऱ्या खेळाडूला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर सराव अर्ध्या तीव्रतेचा करावा. सरावाआधी आणि नंतर, ओले कपडे काढून, वजन करावे. एक किलो घटले म्हणजे जवळपास एक लिटर पाणी गेले, आणि घट शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांपुढे गेली की खेळ ढासळू लागतो. पुढच्या काही तासांत गेलेल्याच्या सुमारे दीडपट द्रव पोटात जायला हवा, आणि त्याबरोबर मीठही. त्यासाठी महागडी पावडर हवीच असे नाही: उकड्या तांदळाची पेज, चवीपुरते मीठ आणि तोंडी लावायला लोणच्याची फोड हे पाणी, मीठ आणि पिष्ट तिन्ही देते. सामन्याआधी मात्र पेज दोन तास अगोदर घ्यावी.

जून ते सप्टेंबर उघडी कोर्टे बहुतेक वेळ बंद असतात. हा काळ वाया गेला असे न मानता पाया घालण्याचे आठवडे इथेच बसवावेत: सरी थांबल्या की रस्त्यावर धावणे, कोसळत असताना दोरीच्या उड्या किंवा इमारतीच्या आतला जिना, आणि आठवड्यातून दोनदा मांड्या व पिंढऱ्यांचा ताकदीचा व्यायाम, कारण वेगात थांबण्याचा सगळा भार त्यांच्यावर येतो. बाहेरच्या दगडी पायऱ्यांवर शेवाळ चढलेले असते, तिथे धावू नये. गणेशचतुर्थीनंतर चार मिनिटांचे फेरे सुरू करावेत, ऑक्टोबरमध्ये कोर्टवरचा सराव, आणि स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात फेऱ्यांची संख्या निम्मी करून वेग तोच ठेवावा. कूपर चाचणी दर आठ आठवड्यांनी, त्याच ट्रॅकवर आणि दिवसाच्या त्याच वेळी द्यावी. मे महिन्यातील दुपारचा आकडा डिसेंबरच्या सकाळच्या आकड्याशेजारी ठेवून काहीच कळत नाही.