परसात धायटी लावायची तर

बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीकडे माघ-फाल्गुनात दरडींवर, माळाच्या कडेला विटकरी लाल नळीदार फुलांनी लगडलेली, फांद्या लांब वाकवून उभी असलेली झुडपं दिसतात. तीच धायटी, आयुर्वेदातली धातकी. आसवं-अरिष्टं ही पातळ औषधं आंबवताना हीच फुलं घालतात. इतकं देखणं झुडूप आपल्या शिवारातलं असताना परसात मात्र बोगनवेलच दिसते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रानातलं झुडूप उपटून आणू नका. मोठं उपटलेलं सहसा जगत नाही, आणि भीमगड अभयारण्यातून तर काहीच आणायचं नाही. ओळखीच्या शेताच्या बांधावर धायटी असेल तर मालकाला विचारून वैशाखात वाळलेली बोंडं घ्या आणि कागदावर चुरडा.

बी धुळीसारखं बारीक असतं, म्हणून पेरणीतच खरी काळजी. पसरट कुंडीत तांबडी माती आणि वाळू निम्मी-निम्मी भरून आधी भिजवा. बी कोरड्या वाळूत मिसळून वर भुरभुरा. वरून माती टाकू नका, बी दडपतं. झारीच्या पाण्यानं ते वाहून जातं, तेव्हा कुंडी पाण्याच्या परातीत ठेवा, माती खालून ओल ओढून घेते. रोपांना चार-सहा पानं आली की एकेक रोप पिशवीत लावा. पहिला पावसाळा त्यांना आडोशाला काढू द्या. आपल्याकडच्या आषाढातल्या सरी कोवळ्या रोपांना झोडपतात. घाई असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीला वीतभर, अर्धवट जून फांद्यांचे तुकडे वाळूत खोचा. सगळे रुजत नाहीत, म्हणून जास्तच लावा.

पुढच्या मिरगाला दीड फुटाचा खड्डा घ्या. जागा भर उन्हाची हवी. सावलीत फूल कमी येतं. बेळगाव-खानापूरची तांबडी, मुरमाड माती तिला मानवते. पूर्वेकडच्या काळ्या रानात मात्र मुरूम मिसळून फूटभर उंचवटा करा, नाहीतर मुळाशी पाणी साचतं. शेणखत एक पाटी पुरे. झाडं शेजारी-शेजारी लावणार असाल तर मध्ये सहा फूट सोडा. पहिला उन्हाळा आठवड्यातून एकदा पाणी द्या, नंतर फारसं लागत नाही.

छाटणीची वेळ चुकवू नका. फुलं सरली की, पावसाच्या आधी, लांबलेल्या फांद्या तिसरा हिस्सा कापा. पावसात आलेल्या नव्या फुटव्यांना सुगीनंतर हात लावू नका, पुढचा बहर त्यांच्यावरच यायचा असतो. आणि फुलांच्या दिवसांत औषध मारू नका. त्या मधासाठी शिंजीर पक्षी आणि मधमाश्या दिवसभर येत असतात.