एजिनाचं अफाया मंदिर समजून घेताना या चुका टाळा

अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून बोटीनं एजिना बेटावर जाता येतं. बेटाच्या ईशान्येला, पाइनच्या झाडीतल्या उंचवट्यावर अफाया देवीचं मंदिर उभं आहे. बहुतेक जण त्याचा काळ इ.स.पू. 500 ते 480 धरतात, काही अभ्यासक 480 नंतरचा. या मंदिराबद्दलच्या लिखाणात त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा भेटतात. त्यांतल्या काहींची सुरुवात तर नामांकित जाणकारांपासून झाली आहे.

देव कोण, हे जुन्या चित्रावरून ठरवू नका

1811 मध्ये कॉकरेल आणि हालर फॉन हालरस्टाइन या तरुण वास्तुविशारदांनी सोबत्यांसह इथे खणलं. त्या काळी हे मंदिर झ्यूस पॅनहेलेनिओसचं, म्हणजे सर्व ग्रीकांच्या झ्यूस देवाचं, समजलं जाई. पुढे अथेना देवीचं नाव आलं, कारण पूर्व आणि पश्चिम दोन्ही बाजूंच्या छपराखालच्या त्रिकोणी शिल्पपटांत मधोमध तीच उभी होती. 1901 मध्ये जर्मन पुरातत्त्वज्ञ आडोल्फ फुर्टवेंगलर यांच्या उत्खननात इ.स.पू. सहाव्या शतकातला एक शिलालेख मिळाला. त्यात अफायासाठी बांधलेल्या ‘घरा’चा आणि वेदीचा उल्लेख आहे. हा लेख आधीच्या, आगीत नष्ट झालेल्या मंदिराच्या काळचा; म्हणजे देवी तीच राहिली आणि देऊळ नव्यानं बांधलं गेलं. झ्यूसचं स्थान बेटाच्या दक्षिणेकडच्या ओरोस डोंगरावर होतं. 19 व्या शतकातल्या चित्रांखाली झ्यूसचं, म्हणजे रोमन ज्युपिटरचं, नाव दिसलं तर मंदिर हेच आहे, नाव तेवढं चुकीचं.

म्युनिकमधल्या मूर्तींचा इतिहास विसरू नका

त्रिकोणी शिल्पपटांतल्या मूर्ती बेटावर शोधत फिरू नका. त्यांचा लिलाव झाला, जर्मनीतल्या बव्हेरियाचा युवराज लुडविग यानं त्या घेतल्या आणि आज त्या म्युनिकच्या ग्लिप्टोथेक संग्रहालयात आहेत. काही तुकडे अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत.

युवराजानं मूर्ती घेतल्या तेव्हा त्या भग्न होत्या. डॅनिश शिल्पकार थोरवाल्डसन यांनी रोममध्ये त्यांना नवी डोकी, हात, पाय बसवले. काम इतकं सफाईदार होतं की जुनं कुठे संपतं नि नवं कुठे सुरू होतं ते सहज कळत नसे, आणि दीडशे वर्षांच्या आसपास लोक ते मिश्रणच पाहत राहिले. 1960 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ डीटर ओली यांनी ही जोडकामं काढली. या निर्णयावर वाद झाला, कारण थोरवाल्डसन यांचं कामही तोवर इतिहास झालं होतं. तरी मला ओलींचं पटतं. तुटलेला दंड पाहताना आपण निदान त्या काळच्या हाताचं काम पाहतो. म्हणून जुन्या पुस्तकातल्या फोटोवरून मूर्तीच्या पवित्र्याबद्दल काही लिहायचं असेल, तर फोटो ओलींच्या आधीचा की नंतरचा, हे आधी बघा.

हसऱ्या चेहऱ्याचीही अशीच गल्लत होते. पश्चिमेकडच्या शिल्पपटातला मरणारा योद्धा छातीतला बाण उपसतो आहे आणि ओठांवर हसू आहे. तो आनंदी नाही, शूरपणाचं प्रदर्शनही करत नाही. त्या काळच्या शिल्पकारांचा चेहरा घडवण्याचा तो रिवाज होता. पूर्वेकडचा योद्धा ढालीचा आधार सोडत खाली कलतो, आणि त्याच्या देहात खरोखरच जीव जाताना दिसतो. या फरकावरून दोन्ही पटांत शतकाचं अंतर आहे असं मात्र मानू नका. अंतर जेमतेम एका पिढीचं, कदाचित त्याहूनही कमी.

सगळं पांढऱ्या संगमरवराचं समजू नका

मूर्ती पारोस बेटाच्या संगमरवराच्या आहेत, पण मंदिर स्थानिक चुनखडीचं आहे. खडबडीत दगडावर गुळगुळीत गिलावा होता, आणि मूर्ती रंगवलेल्या होत्या. पश्चिमेकडच्या ट्रोजन, म्हणजे ट्रॉय नगराच्या, धनुर्धराच्या अंगावरच्या पोशाखाची चौकटींची नक्षी रंगाच्या खुणांवरून नव्यानं मांडण्यात आली आहे. पहिल्यांदा पाहिल्यावर ती भडक वाटते, पण त्या काळच्या डोळ्यांना तीच देवळाची शोभा होती.

त्रिकोणाच्या गोष्टीला भुलू नका

अफायाचं मंदिर, अथेन्समधलं पार्थेनॉन मंदिर आणि सूनिअन भूशिरावरचं समुद्रदेव पोसायडनचं मंदिर समभुज त्रिकोण करतात, असं ठासून सांगितलं जातं. नकाशावर मोजा. अफाया ते पार्थेनॉन सुमारे 30 किलोमीटर, तर सूनिअनपासून दोन्हींची अंतरं 44-45 च्या घरात. म्हणजे समभुज नाहीच, फार तर समद्विभुज. शिवाय पार्थेनॉनचं काम इ.स.पू. 447 मध्ये सुरू झालं. एजिना आणि अथेन्स एकमेकांचे वैरी होते, आणि 431 मध्ये अथेन्सनं एजिनाच्या रहिवाशांना बेटाबाहेर काढलं. अशा दोन नगरांनी मिळून आराखडा आखला, हे मानायला काहीही आधार नाही.

फक्त खांब पाहून परतू नका

बाहेरचे खांब 32, समोर 6 आणि बाजूला 12 (कोपऱ्यांतले खांब दोन्हीकडे मोजून). बहुतेक एकसंध दगडाचे आहेत, पण उत्तर बाजूचे तीन खांब दगडाचे तुकडे एकावर एक रचून केलेले. आतलं बांधकाम होईपर्यंत ती बाजू मोकळी ठेवली असावी, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. कामगारांचा विचार इतक्या जवळून दिसण्याची संधी सोडू नये.

आपल्याला गाभाऱ्यात दर्शन घ्यायची सवय, म्हणून आपण सरळ आत डोकावतो. इथला मुख्य विधी मात्र बाहेरच्या उघड्या वेदीवर होई. पूर्वेकडे उतरा, वेदीच्या पायाजवळ उभे राहा आणि तिथून मंदिराकडे पाहा. मग भोवतीची भिंत, प्रवेशद्वार आणि पाण्याचं टाकं शोधा. याच जागेवर मायसिनियन काळातल्या (इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातल्या) मातीच्या बाहुल्याही सापडल्या आहेत, म्हणजे हे स्थान दगडी देवळाहून कितीतरी शतकं जुनं आहे.