मनोरुग्णांचा वॉर्ड तपासायला जाताय? फॉर्म आणि कुलूप शेजारी शेजारी ठेवून बघा

तपासणी पथकात नाव आलं की पोटात गोळा येतो. माझ्या अजूनही येतो. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तुम्ही वाचलेला असणारच, म्हणून नोंदणी, खाटा, कर्मचारी हे सगळं सोडून देतो.

राज्याची जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. आपल्या खानदेशातल्या शहाद्याहून किंवा रावेरहून सगळीच लांब. त्यामुळे आपल्याकडचा पेशंट आधी जवळच्या खासगी वॉर्डात जातो. नातेवाईक थकलेले, डॉक्टर एकटे, आणि इथेच नवखा तपासनीस हमखास गंडतो.

केसपेपर उघडला की वर कलम ८६, म्हणजे स्वतंत्र भरती. पेशंट आपल्या मर्जीने आला, त्याने स्वतः अर्ज केला. खाली अंगठा, साक्षीदार म्हणून वॉर्डबॉयची सही. कागद एकदम चोख. आता मान वर करून बघा: जाळीचं दार, त्याला कुलूप, किल्ली सिस्टरच्या कमरेला. मर्जीने आलेल्या माणसाने घरी जातो म्हटलं की त्याला सोडावं लागतं. फार तर तपासणीसाठी २४ तास थांबवता येतं, तेही कायद्यातल्या ठरावीक कारणांसाठीच. मग कुलूप कुणासाठी?

असं का होतं ते समजून घ्या, नाहीतर नुसते ओरडून परत याल. कलम ८९, म्हणजे स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्या पेशंटची दुसऱ्याच्या अर्जावरून भरती. ते लावायचं तर नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे पेशंटच्या वतीने निर्णयात मदत करायला नेमलेल्या माणसाचा, अर्ज लागतो, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक अशा दोघांनी वेगवेगळं तपासावं लागतं, आणि पुनर्विलोकन मंडळाला (अशा भरत्या तपासणारं, पेशंटची तक्रार ऐकणारं कायद्यातलं मंडळ) ७ दिवसांत कळवावं लागतं. बाई किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत. मुदत ३० दिवसांची. एवढा व्याप कोण करणार? ८६ चा फॉर्म पाच मिनिटांत भरतो. प्रत्येक वेळी लबाडीच असते असं नाही, पण पेशंटचा हक्क मात्र त्या पाच मिनिटांत जातो.

म्हणून फॉर्म मिटा आणि पेशंटजवळ बसा. डॉक्टर, नातेवाईक बाहेर. मराठीत विचारलं की बरेच जण नुसती मान हलवतात, तेव्हा अहिराणीत विचारा. एका काकांना मी विचारलं, "तुम्हले घर जावानं शे का?" म्हणाले, "डॉक्टर जवय सोडतीन तवय जासू." आपण स्वतः डिस्चार्ज मागू शकतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. तुमच्या अहवालाचा गाभा हाच. पाड्यावरून आलेला पेशंट असेल तर दुभाषा बाहेरून न्या, त्याच वॉर्डातला मामा, म्हणजे वॉर्डबॉय, चालणार नाही.

बांधून ठेवण्याच्या नोंदी बघताना वेळा बघा. कर्मचारी कमी म्हणून किंवा शिक्षा म्हणून बांधता येत नाही, आणि प्रत्येक वेळी २४ तासांत प्रतिनिधीला कळवावं लागतं. रात्रभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेल्या दिसल्या तर रात्रपाळीच्या मावशींशी बोला. मला विचाराल तर या कामातला खरा गुरू त्याच. केबिनमध्ये चहा पीत तपासणी उरकणारे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तयार चेकलिस्ट पाठवणारे साहेब नव्हेत. ती चेकलिस्ट घेऊन जाल तर नुसत्या बरोबरच्या खुणा करून याल, बस्स.

आणि उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. लिथियम (मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध) चालू असलेल्या माणसाच्या अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातली लिथियमची पातळी चढते: हात थरथरतात, उलट्या, जुलाब, तोल जातो. सायकोसिसच्या, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या आजाराच्या, काही गोळ्यांनी घामही नीट येत नाही. पाण्याचा माठ कुलपाच्या आत आहे की बाहेर, दुपारी पाणी कोण देतं, लिथियमची शेवटची रक्ततपासणी कधीची, हे विचाराच. बांधलेला माणूस उठून पाणी घेऊ शकत नाही.

घाबरू नका. कायदा तोंडपाठ नसला तरी चालतं, पुस्तक पिशवीत ठेवा आणि बिनधास्त उघडा. डॉक्टरांशी भांडण नको, भरती एकतर ८९ खाली रीतसर करा नाहीतर दार उघडा, एवढंच लेखी द्या. निघण्याआधी मंडळाचा पत्ता आणि फोन नंबर वॉर्डात दिसेल असा, मराठीत लावलाय का बघा, आणि पेशंटला तिथून फुकट फोन लावू देतात का, ते एकदा लावायला सांगून बघा.