पावसाळ्यात मोकळ्या कोंबड्या कशा राखाल?

आषाढ लागला की मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर गावठी कोंबडीची मागणी वाढते आणि नेमकी त्याच दिवसांत खुराडी रिकामी व्हायला लागतात. गटारीच्या आदल्या रात्री येणाऱ्या दोन पायांच्या चोराला कुलूप हाच इलाज. बाकीच्यांना मात्र पाऊसच आपल्या दारात आणतो. गवत वाढून आडोसा मिळतो, बिळांत पाणी शिरल्याने उंदीर कोरड्या पडवीकडे सरकतात आणि त्यांच्यामागोमाग साप.

जाळीवर पैसे घालण्याआधी कोणी नेली ते ओळखा. चार-पाच कोंबड्या मारून तिथेच टाकल्या असतील तर बहुधा भटकी कुत्री. एकच पक्षी अख्खा गायब, वाटेत थोडी पिसे, तर रानमांजर किंवा कोल्हा. खारघर-बेलापूरच्या खाडीकाठी, कांदळवनालगत कोल्हे आहेत. मान-डोके फोडलेले आणि बाकी धड तसेच, हे बहुतेक मुंगसाचे काम. पिल्ले रोज एकेक कमी होतात, पीसही सापडत नाही, तर रात्री साप किंवा घूस, दिवसा घार नाहीतर कावळा. अंडी भरदिवसा जात असतील तर घोरपडीवरही नजर ठेवा.

बाजारात मिळणारी षटकोनी कोंबडीजाळी कोंबडी आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. कुत्रा तर ती दाताने फाडतो. खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डिंगची जाळी लावा. खुराडे जमिनीवर असेल तर जाळी खाली वळवून फूटभर बाहेरच्या बाजूला मातीखाली पसरा, म्हणजे उकरणाऱ्याचे पंजे तिच्यावरच अडतात. दाराला नुसती दोरी नको, कडी हवी. फळी आणि चौकट यांत बोट जात असेल तर ती फट आजच बुजवा.

दार लावण्याची वेळ घड्याळावर ठरवू नका. ढग दाटले की जुलैतही साडेसहालाच अंधारून येते, आणि कोंबडीला अंधारात फारसे दिसत नाही. संध्याकाळचा मूठभर कणी-तांदूळ खुराड्यातच टाका, चार-आठ दिवसांत त्या आपणहून आत येतात. उरलेले दाणे रात्री काढून घ्या, नाहीतर उंदरांना आमंत्रण. सकाळी उशिरा, नऊनंतर सोडा. पहाटेची शिकार टळते आणि बरीचशी अंडीही झुडपात न जाता खुराड्यातच मिळतात.

पिल्लांना पहिले दीड-दोन महिने मोकळे सोडू नये, असे माझे मत. दिवसा डालग्याखाली ठेवा किंवा अंगणाच्या कोपऱ्यावर कोळीवाड्यातून आणलेले जुने मासेमारीचे जाळे ताणून बांधा. घार-कावळ्यांसाठी याहून स्वस्त काही नाही. मात्र जाळ्याची टोके जमिनीवर लोळू देऊ नका, त्यांत धामण अडकते. अडकलीच तर सर्पमित्राला बोलवा.

विष घालू नका. मुंगूस, घोरपड, कोल्हा, रानमांजर यांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, आणि विषाचा घास आधी शेजाऱ्याचा कुत्राच खातो. मेलेली कोंबडी, पिसे, आतडी उघड्यावर न टाकता खोल पुरा. येऊर किंवा तानसाच्या जंगलालगत याकडे जास्तच लक्ष द्या, कारण त्या वासावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. तिथे खुराडे घराच्या भिंतीला लागून आणि भक्कम दाराचे असावे. रात्री कलकलाट झाला तर एकट्याने बॅटरी घेऊन बाहेर पडू नका. बिबट्या दिसल्यास वनविभागाच्या 1926 क्रमांकावर कळवा.