केमिस्ट्रीत बीएस्सी करताय? तीन वर्षांचा आराखडा आधी कागदावर मांडा

बारावीचा निकाल लागला की पुण्यात सगळी धावपळ कॉलेजच्या नावासाठी होते. फर्ग्युसन मिळेल का, एसपी मिळेल का, गरवारे घरापासून जवळ पडेल का, एवढ्यातच जून सरतो. विषय कोणते घ्यायचे हे मात्र अर्ज भरता भरता, शेजारच्या खिडकीवरच्या मुलाने काय घेतलं ते बघून ठरतं. केमिस्ट्रीच्या विद्यार्थ्याला हे महागात जातं, कारण या विषयाचे पेपर एकमेकांच्या खांद्यावर उभे असतात.

म्हणून पहिली पायरी: सिलॅबस शेवटून वाचा. कॉलेजच्या संकेतस्थळावरून टीवायचा, म्हणजे तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम काढा. कॉलेज स्वायत्त असेल तर त्याचा स्वतःचा अभ्यासक्रम असतो, नसेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा. त्यातल्या प्रत्येक पेपरपुढे लिहा की हा समजायला आधी काय यायला हवं. क्वांटम केमिस्ट्रीपुढे कॅल्क्युलस येईल. स्पेक्ट्रोस्कोपीपुढे फिजिक्स येईल. ऑरगॅनिकच्या अभिक्रियांपुढे स्टिरिओकेमिस्ट्री, आणि तिच्याही आधी इलेक्ट्रॉन कुठून कुठे सरकतो याची पक्की समज. अर्ध्या तासात पानभर यादी होते, आणि एफवायला, म्हणजे पहिल्या वर्षी, काय घ्यायचं याचं निम्मं उत्तर त्याच पानावर असतं.

दुसरी पायरी गणिताची, आणि तिच्यावर मी सगळ्यात जास्त भर देईन. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत पहिल्या वर्षी साधारण तीन विषय घेतात. दुसऱ्या वर्षापासून त्यातला एक मेजर (मुख्य विषय) आणि एक मायनर (जोड विषय) होतो. केमिस्ट्री मेजर करायची असेल तर त्या तिनांत गणित ठेवा. प्रॅक्टिकलमधलं एक उदाहरण बघा. मिथाइल अ‍ॅसिटेटचं आम्लाच्या उपस्थितीत जलविघटन करायचं, ठरावीक मिनिटांनी पिपेटने थोडं मिश्रण काढून बर्फाच्या पाण्यात सोडायचं आणि सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करायचं. मग लॉग (a − x), म्हणजे त्या वेळी उरलेल्या एस्टरचा लॉग, आणि वेळ यांचा आलेख काढायचा आणि त्याच्या उतारावरून वेगस्थिरांक. उतार ऋण का येतो, त्याला 2.303 ने का गुणायचं, हे ज्याला कळतं त्याच्यासाठी तो प्रयोग अख्खं कायनेटिक्स (अभिक्रियांच्या वेगाचं शास्त्र) शिकवून जातो. ज्याला कळत नाही तो जर्नलमध्ये आकडे उतरवून सही घेतो, आणि पुढे अऱ्हेनियस आणि नर्न्स्ट यांची समीकरणं, गिब्ज ऊर्जा आली की पाठांतराला बसतो.

बारावीला बायोलॉजी घेतलं होतं, गणित सुटलं, अशी मुलं बरीच असतात. त्यांनी घाबरू नये. लॉगॅरिदम, अवकलन, साधं संकलन आणि आलेखाचा उतार, एवढं कॉलेज सुरू व्हायच्या आत करून घ्यावं. बालभारतीची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात. छापील हवी असतील तर अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतात. रोज एक तास दिला तर मे-जूनमध्ये हे होतं.

तिसरा विषय कुठे जायचंय त्यावरून ठरवा. मटेरियल्स, स्पेक्ट्रोस्कोपी, संगणकीय रसायनशास्त्र खुणावत असेल तर फिजिक्स. औषधं, बायोकेमिस्ट्री यांची ओढ असेल तर मायक्रोबायोलॉजी किंवा झूऑलॉजीसारखा विषय. ‘सोपा पडतो’ या कारणावर मात्र घेऊ नका, कारण मायनर पुढे बदलणं अवघड जातं.

आता तासांचा हिशोब. तीन वर्षांच्या पदवीला 132 पर्यंत क्रेडिट असतात, म्हणजे सत्राला साधारण 22. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे 15 तास, प्रॅक्टिकलचं 30. सत्र पंधरा आठवड्यांचं धरलं आणि 22 पैकी 8 क्रेडिट प्रॅक्टिकलची असली, तर आठवड्याला 14 आणि 16 मिळून 30 तास कॉलेजातच जातात. जर्नल लिहिणं यात नाही. कात्रज किंवा पिंपरीहून बसने येणाऱ्याने प्रवासाचे तासही त्याच कागदावर मांडावेत. क्लास, नोकरी, एमपीएससी या सगळ्याला जागा आहे का, ते त्यानंतर आपोआप दिसतं. माझं मत विचाराल तर एफवायला बाहेरचं काही लावू नये.

छोट्या क्रेडिटचे कोर्स लोक उरकून टाकतात. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेचंच घ्यावं लागतं, तिथे आवड बघा. कौशल्याच्या कोर्समध्ये पायथन किंवा स्प्रेडशीटवरचं डेटा-विश्लेषण मिळत असेल तर सोडू नका.

एसवायला दोन गोष्टी. पहिली, एटीकेटी लागली, म्हणजे एखादा विषय राहून पुढच्या वर्षात गेलात, तर ती पुढच्याच संधीला काढा, कारण टीवायला वेळ उरत नाही. दुसरी, सुट्टीतल्या संशोधनाच्या संधींवर नजर ठेवा. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा उपक्रम पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच आहे, आणि भारतीय विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिपही आहे. फेलोशिपचे अर्ज आधीच्या हिवाळ्यातच भरून घेतात, मे महिन्यात शोधून काही उपयोग नाही. पाषाणच्या एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर या विज्ञान संस्थेतली व्याख्यानं तर हाकेच्या अंतरावर आहेत. जाहीर कार्यक्रमाला अवश्य जा.

टीवायचं गणित आयआयटीच्या जॅम परीक्षेभोवती, म्हणजे तिथल्या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेभोवती, मांडावं लागतं. ती फेब्रुवारीत होते, अर्ज आदल्या वर्षी सप्टेंबरच्या आसपास सुरू होतात. म्हणजे पाचव्या सत्रातच तयारी पूर्ण व्हायला हवी. जॅमच्या केमिस्ट्रीच्या अभ्यासक्रमातही अवकल समीकरणं, मॅट्रिक्स, संभाव्यता आहेत. एमएस्सीऐवजी थेट नोकरी करायची असेल तर ऑन-जॉब ट्रेनिंगला क्वालिटी कंट्रोलची प्रयोगशाळा गाठा. कुरकुंभ एमआयडीसीत केमिकलचे कारखाने आहेत. एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, हाताने चालवलेला मुलगा मुलाखतीत उठून दिसतो.

हा सगळा कागद प्रवेश पक्का करण्याआधी विभागप्रमुखांना दाखवा आणि दोनच प्रश्न विचारा: हे तीन विषय वेळापत्रकात एकत्र बसतात का, आणि मायनर म्हणून गणित खरोखर शिकवलं जातं का. काही ठिकाणी पुरेसे विद्यार्थी नसले की तुकडीच उघडत नाहीत, आणि ते तुम्हाला फी भरल्यावर कळतं.